प्रस्तावना : एक पाऊल सरकल्यावर

गणेशपुरीला नित्यानंदस्वामींच्या समाधीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माळांची दुकानं आहेत. रुद्राक्ष, तुळस, पोवळं आणि स्फटिक. मागे एकदा पाहुण्यांबरोबर तिथे उभा होतो. स्फटिकाची माळ खरी कशावरून, असं पाहुण्यांनी विचारलं. दुकानदाराने काही न बोलता एक माळ त्यांच्या गालाला टेकवली, क्षणभराने दुसरी. "गार लागली ती खरी. दुसरी काच आहे." पाहुण्यांना ही विक्रीची युक्ती वाटली. मी मात्र तिथेच थबकलो. वर्गात खडू झिजवून जी गोष्ट मला धड सांगता आली नव्हती, ती या माणसाने गालावर पोचवली होती.

काचेचा आणि स्फटिकाचा, म्हणजे आपल्या गारगोटीच्या त्या नितळ भावंडाचा, मूळ माल बराचसा एकच : सिलिकॉन आणि ऑक्सिजन. निव्वळ या दोघांचीच काच केली तरी स्फटिक तिच्या सुमारे पाच ते आठ पट भराभर उष्णता वाहून नेतो. गालाची ऊब तो पटकन ओढून घेतो, म्हणून गार लागतो. पाच ते आठ असं मोघम म्हटलं, कारण स्फटिकात ही उष्णता कोणत्या दिशेने जाते यावर आकडा बदलतो. काचेला दिशा नाही. मग माल एक असून फरक कशाचा? मांडणीचा. स्फटिकात एका अणूची थरथर शेजाऱ्याकडे जाते, त्या शेजाऱ्याची परिस्थिती हुबेहूब पहिल्यासारखी असते, त्याच्या पुढच्याचीही तशीच, त्यामुळे लाट न अडखळता लांबवर जाते. काचेत प्रत्येक शेजारी वेगळ्या पवित्र्यात उभा असतो. लाट दोन पावलांत विखरून जाते.

हे पुस्तक या 'हुबेहूब पहिल्यासारखी' बद्दल आहे. स्फटिकाच्या आत एखाद्या जागी उभं राहून भोवती पाहावं, मग ठरावीक दिशेने ठरावीक अंतर सरकावं आणि पुन्हा पाहावं. काहीच बदललेलं दिसत नाही. या गुणाला स्थानांतर सममिती म्हणतात. ज्या ज्या ठिकाणी सरकून गेल्यावर दृश्य तेच राहतं, त्या सगळ्या बिंदूंचं मिळून होतं ते जालक. इंग्रजीत या सरकण्याला आणि भाषांतराला एकच शब्द आहे, ट्रान्सलेशन. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्याला ही कोटी फुकटात मिळाली आहे, पण ती इथेच सोडून देतो.

जालक म्हणजे अणू नव्हेत, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जड जातं. ज्यांनी लहानपणी ठिपक्यांची रांगोळी पाहिली आहे त्यांना जड जाऊ नये. आमच्या घरी ठिपक्यांचा कागद होता. जाड पुठ्ठ्यासारखा, उदबत्तीच्या टोकाने एकेक भोक पाडलेला, कडेला जळल्याचा तांबूस वास. अंगणात कागद ठेवायचा, वरून रांगोळी पसरायची, हात फिरवायचा आणि कागद अलगद उचलायचा. खाली नुसते ठिपके राहत. त्यांवर कमळ काढायचं की कासव, हे नंतरचं. ते ठिपके म्हणजे जालक. प्रत्येक ठिपक्याशी जे चित्र टांगलं जातं, मग तो एकटा तांब्याचा अणू असो की प्रथिनाचा हजारो अणूंचा गुंता, त्याला आधार म्हणतात. ठिपके आणि चित्र मिळून स्फटिक.

रांगोळीच्या पुस्तकांत चित्राखाली सूचना असते : '११ ठिपके ११ ओळी' किंवा '११ ते ६ ठिपके'. पहिलीत ठिपके समोरासमोर, चौकोनी. दुसरीत मधली ओळ अकराची, वर-खाली एकेक कमी होत सहापर्यंत, प्रत्येक ओळ अर्ध्या घराने सरकलेली. एकूण ९१ ठिपक्यांचा षटकोन. बायकांना ही दोन जालकं तोंडपाठ होती. सपाट पृष्ठभागावर अशी जालकं पाचच प्रकारची असू शकतात, सहावा प्रकार नाही. आणि पाचांपैकी एकही असा नाही की जो ७२ अंशांतून फिरवला तर स्वतःवर पुन्हा बसेल. पाच पाकळ्यांचं जास्वंद ठिपक्यांवर काढता येईल, ठिपके मात्र पाचाच्या फेऱ्यात येत नाहीत.

का येत नाहीत याचा पुरावा चार ओळींचा आहे आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो, म्हणून प्रस्तावनेतच देतो. जालकातले सर्वांत जवळचे दोन ठिपके घ्या. समजा पाचाची सममिती आहे. मग पहिल्याभोवती दुसऱ्याला ७२ अंशांनी फिरवलं की तिथे ठिपका असला पाहिजे. दुसऱ्याभोवती पहिल्याला उलट्या दिशेने तेवढंच फिरवलं की तिथेही. आता हे दोन नवे ठिपके एकमेकांपासून किती दूर आहेत ते मोजा. मूळ अंतराच्या ०.३८ पट. म्हणजे सर्वांत जवळच्या ठिपक्यांहूनही जवळचे ठिपके निघाले! असं होऊ शकत नाही. हाच हिशेब ९० किंवा ६० अंशांना लावला की अडचण येत नाही. दोन, तीन, चार, सहा एवढेच फेरे जालकाला चालतात.

कागदाकडून कापडाकडे येऊ. भिवंडीत वाढलेल्या माणसाला झोपेतही यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येतो. तिथलं साधं ग्रे कापड नखाने उकलून भिंगाखाली धरा : ताण्याचा धागा एकदा वर, एकदा खाली, बाण्याचाही तसाच. विणणारा म्हणेल, याचा रिपीट दोन उभे, दोन आडवे. बरोबर आहे. पण जालकवाला म्हणेल की एवढंही लागत नाही. सरळ पाऊल टाकण्याऐवजी एक धागा उजवीकडे आणि एक धागा वर असं तिरकं सरका, दृश्य तेच दिसेल. म्हणजे विणकराच्या चौकोनाच्या निम्म्यातच नक्षी पुरी होते. तरीही विणकर मोठा चौकोनच वापरतो, कारण मोजायला तो सोपा, कोन काटकोन. स्फटिकविज्ञानातही नेमकं हेच करतात. मिठाची एकक कोशिका, म्हणजे पुन्हा पुन्हा मांडायचा तुकडा, म्हणून जो घन पुस्तकात काढलेला असतो, तो गरजेपेक्षा चौपट मोठा आहे. अशा मोठ्या तुकड्याच्या मधेही ठिपके येतात, म्हणून त्याला 'केंद्रित जालक' म्हणतात; नवशिक्याला हा शब्द आला की धडकी भरते. भिवंडीच्या कापडाचा तुकडा हाताशी असला तर भरायचं कारण नाही.

स्फटिक म्हटलं की महाराष्ट्राने खरं तर छाती पुढे काढायला हवी. आपला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या रूपात थरावर थर पसरला. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे दगडातून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले : गुलाबीसर स्टिल्बाइट, हिरवट अपोफिलाइट, सुयांसारखा स्कोलेसाइट, वाघोलीच्या खाणीतला निळाशार कॅव्हन्साइट. एकोणिसाव्या शतकात बोरघाटातून रेल्वे नेताना डोंगर फोडला तेव्हा हे घबाड हाती लागलं आणि नमुने थेट विलायतेच्या संग्रहालयांत गेले. आज जगातल्या कुठल्याही मोठ्या खनिज संग्रहात पुणे, नाशिक, जळगाव ही नावं चिठ्ठीवर दिसतात. आपल्याकडे पाहायचे तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जावं. आणि बाकी? खडीच्या क्रशरमध्ये. ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही खडीच्या ढिगाशी पाच मिनिटं बसा. काळ्या दगडात पांढरे दाणे दिसतीलच. माझ्या घराच्या जोत्याच्या दगडात आहेत.

यांतल्या झिओलाइट कुळाचं नाव १७५६ साली क्रोन्स्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने ठेवलं. खडा तापवला तर त्यातून पाणी फसफसून बाहेर आलं, म्हणून ग्रीक शब्दांतून 'उकळणारा दगड'. गणेशपुरी, अकलोली, वज्रेश्वरीच्या उन्हेऱ्यांत पाय सोडून बसलं की मला हे नाव आठवतं. तानसा नदीच्या काठचं हे पाणीच ते स्फटिक घडवतं असं माझं म्हणणं नाही, पण गरम पाण्याने काळ्या दगडाच्या फटींतून फिरावं, ही गोष्ट इथे अजून संपलेली नाही. तर, झिओलाइटमधलं पाणी काढून टाकलं तरी सांगाडा कोसळत नाही. आत बोगदे आणि पोकळ्या तशाच राहतात, आणि जालकाचा नियम असल्यामुळे सगळ्या पोकळ्या एकाच मापाच्या. हाताने भोकं पाडून अशी चाळणी बनणार नाही. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, करोनाच्या लाटेत, जे ऑक्सिजन काँसन्ट्रेटर आपण दारोदार शोधत होतो, त्यांच्या पोटात कारखान्यात बनवलेला झिओलाइटच होता. त्याच्या पोकळ्यांतले धनभारित अणू हवेतल्या नायट्रोजनला ऑक्सिजनपेक्षा घट्ट धरून ठेवतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात झिओलाइटचे उत्प्रेरक घडवून ते कारखान्यांपर्यंत नेले. ज्या दगडाच्या पोटात निसर्ग झिओलाइट पिकवतो, त्याच दगडावर वसलेल्या गावात हे घडलं.

आता विषयाचा इतिहास. तो सरळ रेषेत घडलेला नाही; गाण्यातल्यासारखी त्यात घराणी आहेत, आणि एका घराण्याला दुसऱ्याचं पटायला वेळ लागलेला आहे.

सर्वांत जुनं घराणं दगड गोळा करणाऱ्यांचं. १६६९ साली स्टेनोने पाहिलं की क्वार्ट्झचे खडे लहान-मोठे, वेडेवाकडे कसेही असोत, त्यांच्या पृष्ठांमधले कोन तेच राहतात. १७८४ मध्ये आउई या फ्रेंच पाद्र्याने त्याचं कारण सुचवलं. त्याच्या हातून कॅल्साइटचा खडा पडून फुटला आणि सगळे तुकडे एकाच तिरप्या आकाराचे निघाले, अशी कथा आहे. त्याने म्हटलं, स्फटिक म्हणजे अतिसूक्ष्म विटांची रचना. विटांची कल्पना पुढे टिकली नाही, पुनरावृत्ती टिकली.

दुसरं घराणं गणितवाल्यांचं. त्यांनी विटा काढून टाकल्या आणि नुसते बिंदू ठेवले. अवकाशात अशी जालकं किती? फ्रँकेनहाइमने १५ मोजली. नौदलात उमेदवारी केलेल्या ब्राव्हेने १८४८ मध्ये दाखवलं की त्यांतली दोन एकच आहेत, उरली १४. मग सरकण्याला फिरणं, आरशातलं प्रतिबिंब आणि मळसूत्री चाल जोडली, तर एकूण प्रकार किती होतात? रशियात फेदोरोव्ह आणि जर्मनीत शोएनफ्लीस दोघं वेगवेगळे मोजत बसले होते. त्यांची पत्रापत्री सुरू झाली, एकाच्या यादीतल्या चुका दुसऱ्याने काढल्या, आणि १८९१ मध्ये आकडा ठरला : २३०. एकही अणू कोणी पाहिलेला नसताना! अणू आहेत का यावरच तेव्हा वाद चालू होते.

तिसरं घराणं क्ष-किरणवाल्यांचं. १९१२ मध्ये म्युनिकला लाउएच्या सांगण्यावरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी क्ष-किरणांचा झोत एका स्फटिकातून पाठवला आणि मागच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. तो पहिला स्फटिक मोरचुदाचा होता, नाशिकचा द्राक्षवाला चुन्यात कालवून फवारतो तोच निळा खडा. पुढच्याच वर्षी ब्रॅग बापलेकांनी त्या ठिपक्यांवरून उलटा हिशेब करून अणूंच्या जागा काढल्या. मुलाला १९१५ चं नोबेल मिळालं तेव्हा तो २५ वर्षांचा होता.

त्यांनी सोडवलेला पहिला महत्त्वाचा पदार्थ मीठ. मिठात सोडियम आणि क्लोरीनच्या जोड्या नाहीत, प्रत्येक सोडियमला सहा क्लोरीन शेजारी आणि प्रत्येक क्लोरीनला सहा सोडियम, कोण कोणाचा हे सांगता येत नाही, असं निघालं. हे रसायनशास्त्रज्ञांना अजिबात रुचलं नाही. १९२७ सालीही आर्मस्ट्राँग नावाच्या वयोवृद्ध इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 'नेचर'मध्ये पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटाची टर उडवली. मला त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे. आयुष्यभर 'मिठाचा रेणू' शिकवलेल्या माणसाला असा रेणूच नाही हे पचवणं सोपं नसतं. मीही काही वर्षं तेच शिकवलं होतं.

भाईंदर-उरणच्या मिठागरांतला खडा हातात घ्या. ज्या आगरांवरून आगरी हे नाव आलं, त्या आगरातला. कडा एक मिलिमीटरची असेल तर तिच्यावर एकक कोशिका मांडल्या जातील सुमारे १७ लाख ७० हजार. इतक्या वेळा तेच, तसंच. पण खड्याचा चौकोनी आकार म्हणजे जालक नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं. पाण्यात युरिया घालून मीठ वाढवलं तर चौकोनाऐवजी आठ बाजूंचे खडे येतात. जालक तसूभरही बदललेलं नसतं; फक्त कोणतं पृष्ठ सावकाश वाढलं ते बदललेलं असतं.

भारतात या क्ष-किरणवाल्यांच्या घराण्याचा पाया कलकत्त्याला घातला गेला. केदारेश्वर बॅनर्जी यांनी १९३० मध्ये नॅप्थलीनची, म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबरगोळीची, रचना उलगडली. मुंबईकडे येताना वाट जरा वेगळी झाली. क्ष-किरणांना इलेक्ट्रॉन दिसतात, त्यामुळे एकच इलेक्ट्रॉनवाला हायड्रोजन त्यांना पुसट दिसतो. न्यूट्रॉनला तो चांगला दिसतो. तुर्भ्याला १९६० मध्ये सायरस अणुभट्टी सुरू झाल्यावर तिच्या न्यूट्रॉनच्या झोतात आर. चिदंबरम आणि त्यांच्या गटाने अमिनो आम्लांतले हायड्रोजन बंध नेमके मोजले. अणुस्फोटाशी जोडलं गेलेलं हे नाव मुळात स्फटिकवाल्याचं आहे, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. आज इंदूरच्या इंडस-२ मधून क्ष-किरणांचे झोत मिळतात.

चौथं घराणं इलेक्ट्रॉनवाल्यांचं. धातूत अणूंची एवढी दाटी असताना इलेक्ट्रॉन त्यांना न धडकता इतके लांब कसे जातात, हे कोडं होतं. १९२८ मध्ये बावीस वर्षांच्या फेलिक्स ब्लॉखने ते सोडवलं. रेल्वेच्या रुळांवरून चालणाऱ्याची पावलं स्लीपरच्या अंतराशी जुळली की तो अडखळत नाही. इलेक्ट्रॉनची लाटही नियमित जालकात तशीच जुळवून घेते. अडथळा अणूंचा नसतो, नियम मोडण्याचा असतो. उष्णतेने अणू हलले, परका अणू घुसला, की रोध आला. आणि काही ठरावीक लांबीच्या लाटा मात्र जालकाकडून परत फेकल्या जातात, त्या ऊर्जा इलेक्ट्रॉनला वर्ज्य होतात. तांबं वाहक, गारगोटी रोधक आणि सिलिकॉन अधलामधला का, याचं उत्तर या वर्ज्य पट्ट्यांत आहे. खिशातला मोबाइल याच घराण्याची पैदास.

नियम मोडण्याचा उल्लेख आला, तर तेही एक घराणंच आहे. मागावर एक उभा धागा तुटला आणि कारागिराचं लक्ष नसलं, की पुऱ्या ताग्यात रेघ जाते. धातूच्या जालकातही अशा रेघा असतात. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी, तिघांनी स्वतंत्रपणे, सांगितलं की धातू वाकतो तो या रेघा सरकतात म्हणून. पुण्याच्या तांबट आळीत हंडा ठोकता ठोकता कडक होतो, कारण रेघा वाढून एकमेकींत अडकतात. मग भट्टीत तापवून तो पुन्हा मऊ करतात. तांबटाला हे हाताने ठाऊक होतं.

आणि मग १९८२ चा एप्रिल. डॅन शेश्टमनला अॅल्युमिनिअम-मँगनीजच्या मिश्रधातूत पाचाच्या फेऱ्याची ठिपक्यांची नक्षी दिसली. वर चार ओळींत जी अशक्य ठरवली तीच. लिनस पॉलिंगसारखा दोन नोबेलांचा धनी मरेपर्यंत विरोधात राहिला. चूक पुराव्यात नव्हती. मांडणीत शिस्त असली की पुनरावृत्ती असलीच पाहिजे, या गृहीतात होती. शिस्त असू शकते आणि तरीही तेच दृश्य पुन्हा कधीच येत नाही, असे हे पदार्थ. १९९२ मध्ये स्फटिकाची आंतरराष्ट्रीय व्याख्याच बदलावी लागली. शेश्टमनला नोबेल मिळालं २०११ मध्ये.

हा विषय आत्ताच मराठीत का? एक कारण छपरावर आहे. सोलर पॅनेल घ्यायला गेलात की दुकानदार विचारतो, मोनो की पॉली? मोनोतली प्रत्येक चकती हा सिलिकॉनचा एकच सलग स्फटिक. निळ्या पॉलीत जे ठिगळासारखे तुकडे चमकतात तिथे एक जालक संपून दुसरं सुरू होतं, आणि त्या शिवेवर वीज वाया जाते. दुसरं कारण औषधाच्या पाकिटात : रेणू तोच, पण वेगळ्या जालकात बसला तर गोळी पोटात विरघळेनाशी होते. १९९८ मध्ये एड्सवरच्या रिटोनाव्हिरच्या कॅप्सूल यामुळे बाजारातून काढाव्या लागल्या होत्या. मराठी मुलं अशा कारखान्यांत रोज काम करतात आणि जालकाचं नाव त्यांच्या कानावर इंग्रजीतच पहिल्यांदा पडतं.

पुस्तक बारावी झालेल्याला झेपावं असं लिहिलं आहे. सदिश आणि थोडी त्रिकोणमिती येते हे धरलं आहे. गटसिद्धान्त येतो असं धरलेलं नाही. त्या २३० प्रकारांची, म्हणजे अवकाशगटांची, यादी मुद्दाम दिलेली नाही, ती कोष्टकात पाहायची चीज आहे. व्युत्क्रम जालकावर मात्र पानं खर्च केली आहेत, कारण विद्यार्थी तिथेच गळतात आणि मीही तिथेच गळालो होतो. शब्द शक्यतो रुळलेले घेतले. फोनॉन, न्यूट्रॉन तसेच ठेवले. 'जाळी' हा सोपा शब्द का नाही, असं एका विद्यार्थिनीने विचारलं. जाळीला धागे असतात, जालकाला नाहीत, एवढंच कारण.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक करा. वाटीभर गरम पाण्यात विरघळेल तेवढं मीठ विरघळवा, ते बशीत ओता आणि कोणी हलवणार नाही अशा जागी ठेवा. सावकाश वाढलेले चौकोन नुसत्या डोळ्यांना दिसतात, मधे पायऱ्या-पायऱ्यांचे खळगे असलेले. फक्त हे पावसाळ्यात करू नका. गणेशपुरीत आषाढात ठेवलेली बशी मला दसऱ्याला सुकलेली मिळाली, आणि तोवर तिच्यात तीन मुंग्या आणि एक पाल येऊन गेली होती.

गणेशपुरी, ता. भिवंडी